टीडीएस 380 आलाय, मग पाणी चांगलंच ना?

प्रश्न: आमची बारा घरांची वस्ती, सातारा जिल्ह्यात. नळाची लाइन आली नाही म्हणून वर्गणी काढून बोअर मारली, टाकी बांधली. पण दरवर्षी जुलैत पोरांची पोटं बिघडतात. शेजारच्या काकांनी टीडीएस मीटर आणलंय, ते 380 दाखवतं. काका म्हणतात पाणी ओके आहे, उगाच घाबरू नका. खरंय का?

उत्तर: मीटर खोटं बोलत नाहीये हो, पण ते फक्त पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, टीडीएस म्हणजे तेच, लिटरला मिलिग्रॅममध्ये. 500 पर्यंत चांगलं धरतात, म्हणजे 380 ठीकच, पण जंतू त्यात दिसतच नाहीत, संडासाचं थोडं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलतो. पोटं नेमकी जुलैत बिघडतात म्हणजे पावसाचं वरचं पाणी आत शिरत असणार, तेव्हा आधी बोअरच्या तोंडाशी जाऊन बघा. केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेला पाइप, जमिनीच्या वर आहे का? की वायर जाते तिथे गोणपाट कोंबलंय? माझ्या बहिणीकडे प्लास्टिकची पिशवी आणि वर दगड, बास, आणि शेजारीच धुण्याचं डबकं! झाकण घट्ट बसवा, भोवती बाहेर उताराचा सिमेंटचा ओटा करा. शोषखड्डा निदान 15 मीटर लांब हवा, आणि आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या भेगांमधून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा जितका लांब तितका बरा.

मग पाण्याचा नमुना लॅबच्याच निर्जंतुक बाटलीत भरून, थंड ठेवून, त्याच दिवशी पोचवा. 100 मिलीत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही नको. नायट्रेटही बघायला सांगा, लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, आसपास ऊस आणि युरिया असेल तर हे हमखास बघायचं, कारण उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, आणि तान्ह्या बाळाला ते धोक्याचं.

रिपोर्ट येईपर्यंत जंतूंसाठी पाणी खळखळून उकळा आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका, 1000 लिटरला 5 ग्रॅम. पावडर थेट टाकू नका हं, बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरची निवळी ओता आणि अर्धा तास थांबा. मग शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघा, पिवळसर रंग आला की क्लोरीन पोचलं. पुडी उघडी राहिली की पावडरचा दम जातो, मागच्या वर्षीची वापरू नका.

आणि हे काम मोटर चालू करणाऱ्या एकाच माणसाकडे द्या, बारा घरांत प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने टाकली असेल.