बाँडचा खिसा वेगळा, माणसांचा खिसा वेगळा: शाळा डिस्ट्रिक्टबद्दल तुमचे प्रश्न

कॅलिफोर्नियात बॅलटवर शाळेचा बाँड (म्हणजे इमारतींसाठी डिस्ट्रिक्टनं काढलेलं, घरमालकांच्या टॅक्समधून फिटणारं कर्ज) आला की माझ्या इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येतात, आणि हल्ली त्यात ‘रिस्टोरेटिव्ह’ शिस्तीचे पण, म्हणजे नुसती शिक्षा न करता मुलांना गोलात, ‘सर्कल’मध्ये, बसवून झालेलं नीट करायला लावायचं. सहा वर्षं एका डिस्ट्रिक्टच्या बाँड ओव्हरसाइट कमिटीवर, म्हणजे बाँडच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या कमिटीवर, काढली म्हणून उत्तरं देतोय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

प्र. आम्ही एच-वन-बीवर आहोत. घर घेतलंय, बाँडचा टॅक्स भरतो, पण मत नाही. मग आम्ही नुसतं बघत बसायचं का?

बघत बसा असं कोणी सांगितलं? मत नाही, पण बोर्ड मीटिंगमध्ये उभं राहून बोलायला नागरिकत्व लागत नाही. रेग्युलर मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तो वाचून जा.

प्र. व्हॉट्सॲपवर फिरतंय की घराची किंमत वाढली की बाँडचा टॅक्सही तेवढाच वाढतो. आमचं घर झिलोवर १८ लाख दाखवतंय.

झिलो बंद करा आणि काउंटीचं प्रॉपर्टी टॅक्स बिल उघडा. टॅक्स असेस्ड व्हॅल्यूवर लागतो, म्हणजे घर घेतलं त्या किमतीपासून धरलेल्या काउंटीच्या आकड्यावर, आणि १९७८ च्या प्रॉप १३ मुळे (मतदारांनी पास केलेला कायदा) ती वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. म्हणून शेजारच्या आजोबांचं ८५ साली घेतलेलं घर तुमच्यासारखंच असलं तरी ते तुमच्या चौथाईनंही टॅक्स भरत नसतील, त्यावरून भांडू नका. ५५ टक्के मतांनी पास होणाऱ्या बाँडला युनिफाइड डिस्ट्रिक्टमध्ये (केजी ते बारावी एकाच डिस्ट्रिक्टखाली) दर लाख असेस्ड व्हॅल्यूमागे साधारण ६० डॉलरचं बंधन आहे. असेस्ड १२ लाख असेल तर एका बाँडचा अंदाज फार तर ७२० डॉलर. पण आधीचे बाँड चालू असतात, ते वेगळे, ते बिलात खाली ओळीनं दिसतात.

आता ‘टॅक्सचा दर वाढणार नाही’ हे जे पत्रकावर ठळक छापतात ना, ती शुद्ध चलाखी आहे. जुना बाँड फिटत आलेला असतो, तुमचा टॅक्स कमी होणार असतो, तो कमी होऊ न देता नवीन बाँड तिथे बसवतात. वाईटच असं नाही, पण फुकट नाही. परतफेड किती वर्षांची आणि एकूण किती, हे विचारा. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टनं २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर असे घेतले की वीस वर्षं हप्ताच नाही, आणि फेडायचे झाले जवळजवळ ९८ कोटी. त्यानंतर २०१३ मध्ये कायदा करून असल्या कर्जाला मुद्दलाच्या चौपटीची मर्यादा घातली. चौपट! ही *सुधारणा* आहे बरं का.

प्र. पार्सल टॅक्स (घराच्या किमतीवर नाही, प्रत्येक प्लॉटमागे लागतो तो) इन्कम टॅक्समध्ये वजा होतो का?

सीपीएला विचारा. मामेभावाला नाही.

प्र. भूकंपात शाळा टिकेल का?

१० मार्च १९३३ ला लाँग बीचच्या भूकंपात ७० शाळा पडल्या, संध्याकाळची वेळ म्हणून मुलं वाचली, आणि महिन्याभरात फील्ड ॲक्ट आला. तेव्हापासून पब्लिक शाळांच्या बांधकामाचे नकाशे राज्याकडून तपासले जातात. प्रायव्हेट शाळेला हा कायदा लागू नाही, तिथे मुलं असतील तर त्यांच्याकडे इंजिनियरचा रिपोर्ट मागा.

प्र. आमच्याकडे मोठा बाँड पास झाला, नवीन इमारत झाली, आणि त्याच वर्षी रिस्टोरेटिव्ह काउन्सेलरला काढलं. एवढे पैसे गेले कुठे?

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हाच घोळ वर्षानुवर्षं ऐकतोय आणि बोर्डावरची माणसंसुद्धा तो मुद्दाम स्पष्ट करत नाहीत.

पैसे कुठे गेले नाहीत. बाँडचा पैसा भिंतींचा आहे. ५५ टक्क्यांच्या बाँडचा कायदा, प्रॉप ३९, त्यात सरळ लिहिलंय की त्यातून टीचरचे किंवा ॲडमिनिस्ट्रेटरचे पगार आणि रोजचा चालू खर्च करता येणार नाही. म्हणजे छत, वायरिंग, एसी, सायन्स लॅब, हे सगळं चालेल, पण त्या लॅबमध्ये उभी राहणारी बाई चालणार नाही. माणसांचा पगार येतो राज्याच्या पैशातून, ग्रँटमधून, कुठे कुठे पार्सल टॅक्समधून. आणि कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी काउन्सेलर घेतले ते केंद्राच्या रिलीफ फंडातून, ज्याचा शेवटचा हप्ता ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत मार्गी लावायचा होता. मुदत संपली, पोस्ट गेली. हे आधीपासून सगळ्यांना माहीत होतं, पण तोवर फोटो काढून झाले होते.

आमच्या कमिटीला एकदा नवीन इमारत दाखवायला नेलं होतं. तळमजल्यावर ‘वेलनेस रूम’. मंद दिवे, पाच बीनबॅग, गोल गालिचा, सर्कलला बसायला म्हणून. दाराला कुलूप. किल्ली ऑफिसमधून आणायला दहा मिनिटं लागली, कारण ती खोली जूनपासून कोणी उघडलीच नव्हती, काउन्सेलर बाईंची पोस्ट जूनमध्ये गेली होती. एका बीनबॅगवर प्लास्टिक तसंच होतं. कामाचा दर्जा उत्तम होता, हिशेब चोख होते, ऑडिटला एक शेरा नाही, आणि आम्ही सही केली, कारण आमचं काम तेवढंच. मला तो गालिचा अजून आठवतो.

म्हणून बाँडच्या सभेत शिस्तीबद्दल ओरडून उपयोग नाही. माणसांचा प्रश्न विचारायची जागा एलकॅप, म्हणजे डिस्ट्रिक्टचा तीन वर्षांचा प्लॅन, जो दर वर्षी अपडेट होऊन १ जुलैच्या आत मंजूर व्हावा लागतो. त्यात ‘स्कूल क्लायमेट’खाली सस्पेन्शनचे आकडे असतात. आपले लोक जूनमध्ये जागे होतात तोवर आकडे बसलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि एवढंच विचारा: ही पोस्ट कुठल्या फंडातून आहे आणि तो फंड कधी संपतो? उत्तर गोलमोल आलं तर लेखी मागा.

प्र. रिस्टोरेटिव्ह म्हणजे आता शिक्षाच नाही असं सगळे म्हणतात. माझ्या मुलीला छळणाऱ्या मुलाला तिच्यासमोर सर्कलमध्ये बसवणार आहेत.

‘सगळे म्हणतात’ हे मला पाठवत जाऊ नका हो. खरं काय ते असं: १ जुलै २०२४ पासून नववी ते बारावीच्या मुलांनाही नुसत्या उर्मटपणासाठी, म्हणजे ‘विलफुल डिफायन्स’साठी, सस्पेंड करता येत नाही. लहान वर्गांना हे आधीच होतं. टीचर वर्गाबाहेर काढू शकतात. मारामारी, शस्त्रं, ड्रग्ज, छळ यांचे नियम जागच्या जागी आहेत.

सर्कलचं म्हणाल तर काय झालं, कोणाला लागलं, ते नीट करायला कोण काय करणार, असे साधे प्रश्न असतात. पण त्याआधी दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलावं लागतं, आणि तुमच्या मुलीनं नाही म्हटलं तर नाही. बसवणाऱ्याला ट्रेनिंग आहे का विचारा, कारण नुसत्या खुर्च्या गोल मांडल्या की झालं असं समजणाऱ्या शाळा आहेत. ही पद्धत जादूही नाही: पिट्सबर्गच्या शाळांत रँड या संशोधन संस्थेनं अभ्यास केला, २०१८ मध्ये छापला, त्यात सस्पेन्शन कमी झाली पण सहावी ते आठवीचे मार्क घसरले. आणि अंगाला हात लावण्याचा, लैंगिक प्रकार असेल तर सर्कल अजिबात नाही, लेखी तक्रार आणि वकील.

प्र. मुलाच्या बॅगेत चाकू सापडला, लहानसा. प्रिन्सिपल म्हणतात कागदावर सही करा म्हणजे लवकर मिटेल. दोन आठवडे बघू म्हणतोय.

बघू नका. आज फोन करा, एज्युकेशन लॉवाल्या वकिलाला. तो कागद ‘स्टिप्युलेटेड एक्सपल्शन’चा, म्हणजे तुमच्या संमतीनं मुलाला शाळेतून काढण्याचा, असेल तर सही म्हणजे सुनावणीवर पाणी. सुनावणी साधारण ३० शालेय दिवसांत व्हायला लागते आणि तिथे वकील नेता येतो. मुलाला एकट्यानं अजून काही लिहून देऊ देऊ नका. पोलीस आले असतील आणि मूल व्हिसावर असेल तर इमिग्रेशन वकील पण, दोघं वेगळे असतात.

प्र. पोर्टेबल वर्गात ओलीचा वास येतो, कार्पेट दाबलं की पाणी. शाळा म्हणते बाँड पास झाला की करू.

गळक्या छताला बाँडची वाट बघायची नसते. शाळेत ‘विल्यम्स’ तक्रारीचा फॉर्म असतो, नाव न देताही भरता येतो, तक्रार खरी असेल तर ३० कामाच्या दिवसांत दुरुस्ती करायला लागते. नाव दिलंत आणि उत्तर हवंय म्हटलंत तर ४५ कामाच्या दिवसांत उत्तर येतं. फोटो काढा, फॉर्मची कॉपी ठेवा. मुलाला दमा असेल तर आधी डॉक्टरकडे, त्यांची चिठ्ठी फॉर्मला जोडा.