बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकला ऑफिशियली चर्च सोडता येतं का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी बाप्तिस्मा झालाय, आता विश्वास उरला नाही, तर रजिस्टरमधनं नाव काढून मिळतं का. नाही मिळत. जायचं बंद केलं तर कोण विचारायला येत नाही ते वेगळं.

मी सोलापूरचा, काही वर्षांपूर्वी हाच हट्ट घेऊन आमच्या फादरकडं गेलो होतो, गड्ड्याची जत्रा चालू होती त्यामुळं गर्दीतनं गाडी काढता काढता आधीच डोकं तापलेलं. फादरनी कपाटातनं लांबडी नोंदवही काढली. माझी जन्मतारीख, आईवडील, धर्ममायबाप (बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारे) आणि कडेला समास कोरा. वरच्या ओळीतल्या बाईच्या समासात तिचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते बारीक अक्षरात लिहिलेलं. म्हणाले, अरे ही काय मेंबरांची यादी नाही, त्या दिवशी तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं त्याची नोंद आहे, झालेलं खोडू कसं? राग आला, पण उत्तर सुचेना.

आधी एक वाट होती खरं तर. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, रीतसर चर्च सोडलेल्यांना लग्नाच्या काही नियमांतनं सूट होती, 2006 मध्ये व्हॅटिकननं त्याची पद्धत पण सांगितली, म्हणजे स्वतःच्या मनानं, लेखी, बिशप नाहीतर फादरसमोर, मग समासात तशी नोंद. पण 2009 मध्ये पोप बेनेडिक्टनी ते शब्दच कायद्यातनं उडवले आणि एप्रिल 2010 पासून ती सूट संपली. आता श्रद्धा सोडली म्हणून जाहीर केलं तर चर्चच्या हिशोबात तुम्ही बहिष्कृत, तरीपण कॅथलिकच, गंमत बघा.

याचा त्रास मुख्यतः लग्नात. बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी बिशपच्या परवानगीशिवाय कोर्ट मॅरेज केलं तर चर्च ते लग्न धरत नाही. सरकार धरतं, 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे, तीस दिवसांची नोटीस द्यायची, चर्चचा कागद कोण मागत नाही.

आणि जर्मनीला जाणार असाल तर जपून. माझ्या मावसभावानं तिथं नाव नोंदवताना धर्माच्या रकान्यात सरळ कॅथलिक लिहिलं आणि पगारातनं चर्चचा टॅक्स कापायला लागले, इन्कम टॅक्सच्या 8 नाहीतर 9 टक्के, राज्यावर आहे. तिथं मात्र सरकारी ऑफिसात जाऊन रीतसर बाहेर पडता येतं, टॅक्स थांबतो. त्याचा थांबला. इथल्या वहीत त्याचं पण नाव आहेच.