गोव्यात सिनेगॉग आहे का, आणि शब्बाथला तिथे नेमकं काय चालतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलिबागकडचं एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं ज्यू कुटुंब पणजीत तुमच्या शेजारी राहायला आलंय. त्यांना शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र पाळायच्या विश्रांतीच्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी गोव्यात सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) मिळेल का, तिथे काय होतं, आणि तुम्ही सोबत गेलात तर चालेल का?

मुंबई, पुणे, अलिबागला आहे तशी जुनी, मराठी बोलणाऱ्या मंडळींची इमारत गोव्यात नाही. इथे १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं ख्रिस्ती धर्मन्यायालय होतं, हे त्याचं मोठं कारण. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्यांचं नाव आहे ते गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचे. ते १५६८ साली वारले आणि १५८० साली थडगं उकरून त्यांच्या अस्थी जाळल्या. अशा ठिकाणी प्रार्थनाघर कोण बांधणार? बेने इस्रायलींचं पहिलं प्रार्थनाघर सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बांधलं. शेजारी बोलताना त्याला ‘मशीद’ म्हणाले तर गोंधळू नका, कोकणातल्या जुन्या पिढीचा तोच शब्द.

पण इमारतीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या. दहा पुरुष जमणार का, आणि सूर्य किती वाजता मावळणार.

तेरा वर्षांवरच्या दहा ज्यू पुरुषांचा मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेचा गट होतो. नऊ जण आले तरी प्रार्थना होते, पण बारखू, कदीश (मृतासाठीही म्हणतात ती प्रार्थना), केदुशा हे भाग गाळावे लागतात आणि सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढून वाचत नाहीत. घरात कुणी वारलं असेल तर हीच मोठी अडचण, कारण कदीश एकट्याने म्हणता येत नाही. उत्तर गोव्यात, हणजूण-वागातोर पट्ट्यात, चबाड या ज्यू संस्थेतर्फे पर्यटनाच्या हंगामात शब्बाथची प्रार्थना आणि जेवण होतं. तेव्हा इस्रायली प्रवाशांमुळे दहाचा आकडा सहज भरतो. पावसाळ्यात ते गृहीत धरू नका, आधी विचारा. शेजाऱ्यांना चाली परक्या वाटतील हेही सांगून ठेवतो. बेने इस्रायली सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीने म्हणतात, चबाडची पद्धत हसिदी (पूर्व युरोपातल्या एका ज्यू पंथाची). ‘देव एकच’ असं सांगणारा शेमा मात्र दोन्हीकडे तोच. कोकणात पुस्तकं नव्हती त्या काळातही बेने इस्रायलींनी तो तोंडपाठ टिकवला होता.

आता वेळ. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लावतात. पणजीत नोव्हेंबरअखेर सूर्य साधारण सहाला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून नऊच्या आसपास. म्हणजे दिव्याची वेळ पावणेसहा ते सहा पन्नास यांच्यात फिरते. लोक चुकतात ते मुंबईचं वेळापत्रक गोव्यात वापरून. हिवाळ्यात ते फारसं चुकवत नाही, पण जून-जुलैत मुंबईचा सूर्य नऊ-दहा मिनिटं उशिरा मावळतो आणि १८ मिनिटांतली निम्मी तिथेच जातात.

शिवाय गोव्यात वारा. खोबरेल तेलाचा दिवा खिडकीत ठेवला आणि विझला तर पुन्हा लावता येत नाही, कारण शब्बाथला आग पेटवणं, विजेचं बटण दाबणं वर्ज्य. म्हणून काचेच्या खोलगट पेल्यात, आडोशाला, जेवण आटपेपर्यंत पुरेल इतकं तेल घालून ठेवायचा. पंखा चालू की बंद तेही आधीच ठरवायचं. शेजाऱ्याला ‘जरा पंखा लावा’ असं थेट सांगणंही त्यांच्यात बसत नाही. घामाघूम दिसले तर समजून घ्या.

शुक्रवारची प्रार्थना तास-पाऊण तासाची. आधी स्तोत्रं, मग ‘लेखा दोदी’, सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या सफेद गावी रचलेलं गीत. त्याच्या शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून किंचित वाकतात, शब्बाथला वधू मानून तिचं स्वागत. पाहुण्याने तेवढं पाहून वळलं तरी पुरे. बाकी वेळ तोंड पश्चिमेला, कारण भारतातून यरुशलेम तिकडे. गोव्यात म्हणजे समुद्राकडेच.

घरी किद्दूशसाठी, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, द्राक्षरस हवा, आणि गोव्यात बाहेरचे लोक इथेच चुकतात. इथली पोर्ट वाईन भेट म्हणून नेऊ नका. द्राक्षाची दारू ज्यू देखरेखीत बनलेली नसेल तर ती चालत नाही. बेने इस्रायलींचा उपाय साधा आहे: मनुकांचं सरबत. पाव किलो काळे मनुके दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायचे, कारण वरचं तेल आणि धूळ गेली नाही तर रस गढूळ होतो. रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळायचे, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून पिळायचे. पिवळ्या बेदाण्यांनी रंग फिका येतो. कुस्करणं, पिळणं शब्बाथला वर्ज्य, त्यामुळे शुक्रवारी दुपारपर्यंत बाटली फ्रिजमध्ये गेली पाहिजे. बाहेर ठेवलीत तर गोव्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच आंबायला लागते.

किद्दूशनंतर हात धुऊन दोन अखंड पाव किंवा पोळ्यांवर आशीर्वाद म्हणतात, मग मिठाला लावून खातात. अखंड हे महत्त्वाचं, कापलेले तुकडे चालत नाहीत. गव्हाची चपाती चालते. तांदळाची भाकरी रोजच्या जेवणात कितीही असली तरी तिच्यावर भाकरीचा हा आशीर्वाद म्हणत नाहीत, तो गहू, सातू अशा पाच धान्यांपुरता. पोदेराची (गोव्यातल्या पाववाल्याची) पोई, म्हणजे इथला पाव, गव्हाची असली तरी भाजताना कोणती चरबी वापरली हे कळत नाही, म्हणून बरेच जण टाळतात. मला विचाराल तर घरची चपाती बरी.

शनिवारी सकाळी मुख्य वाचन. तोराचे ५४ भाग वर्षभरात पुरे होतात. सात जणांना पाळीपाळीने बोलावतात, आठवा संदेष्ट्यांचा उतारा म्हणतो. अक्षराला बोट लावत नाहीत, चांदीच्या काडीने ओळ दाखवतात. गुंडाळी जमिनीवर पडू नये याची फार काळजी. ती घेऊन जाताना सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. दोन-अडीच तास धरा.

तुम्ही जाणार असाल तर आधी शुक्रवारी दुपारपर्यंत फोन करून परवानगी घ्या आणि ओळखपत्र बाळगा. २००८ साली मुंबईत चबाडच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून दारावर चौकशी होते, राग मानू नका. पुरुषांनी डोक्यावर टोपी, साधा रुमालही चालतो. स्त्रिया वेगळ्या बसतात, खांदे-गुडघे झाकलेले असावेत. फोन बंद, फोटो नाही, वही-पेन नाही. खाण्याचं काही नेऊ नका, मिठाईसुद्धा. फुलं न्यायची तर सूर्यास्ताआधी पोचवा.

शेजाऱ्यांना वर्षातून दोन-तीनदा मराठी मंडळींत बसायचं असेल तर मडगावहून कोकण रेल्वेने मुंबई गाठावं, किंवा वाटेत उतरून पुढे रस्त्याने अलिबाग, पण गुरुवारीच. शब्बाथला गाडीत बसत नाहीत, त्यामुळे मुक्काम मशिदीपासून पायी अंतरावर हवा. स्टेशनजवळचं स्वस्त लॉज घेतलं की फसतात.

शेवट शनिवारी रात्री, तीन तारे दिसल्यावर, सूर्यास्तानंतर साधारण ३५-४० मिनिटांनी. पावसाळी ढगांत तारे दिसत नाहीत, तेव्हा घड्याळच पाहायचं. हव्दाला म्हणतात त्याला: रसाचा पेला, हुंगायला लवंग-वेलची, अनेक वातींची पीळ दिलेली मेणबत्ती. तिच्या उजेडात नखं पाहतात आणि ज्योत रसात बुडवून विझवतात. शेजाऱ्यांना काही विचारायचं असेल तर त्यानंतर दार वाजवा.