आधी जमाखर्च, मग नोंदवही

चिरंजीव अभ्यासकास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकेतल्या इलिनॉय नदीकाठच्या एका जुन्या बदक-शिकार क्लबची दप्तरे तुला चाळायला मिळणार, याचा आनंद आहे आणि थोडा हेवाही. एकच सांगतो: शिकारीची नोंदवही आधी उघडू नकोस, जमाखर्च वाच.

तुझ्या वयाचा असताना मी उलटे केले. पहिल्या महायुद्धानंतरच्या एका वहीत सभासदांच्या नावांपुढे २५ हा आकडा इतक्या वेळा आला की, त्या वर्षांत बदके एकसारख्या संख्येने येत होती असे मी लिहून मोकळा झालो. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली दिवसाला माणशी २५ बदकांची मर्यादा होती, हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दाखवल्यावर मी कान धरले.

जमीन कुठून आली, तेही जमाखर्चातच दिसेल. जानेवारी १९०० मध्ये शिकागोचे सांडपाणी मिशिगन सरोवराऐवजी या नदीकडे वळवणारा कालवा सुरू झाला. पातळी चढली, खोऱ्यातली तळी पसरली, आणि शहरातल्या धनिकांनी ती विकत वा भाड्याने घेऊन प्रवेशबंदीच्या पाट्या लावल्या. तिथे मासे धरणारे आणि बाजारासाठी बदके मारणारे लोक एकाएकी आपल्याच पाण्यात चोर ठरले, आणि त्यांतलेच काहीजण पुढे क्लबात नोकरीला लागले. (तरीही क्लबांना सरसकट झोडपू नकोस. शेतीसाठी बांध घालून खोऱ्यातली दलदल आटवली जात होती, तेव्हा पुष्कळ तळी या हौशी मंडळींच्या मालकीमुळेच वाचली.)

हे नोकर दिवसभर काय करीत, ते नीट समजून घे. कोणी कोणत्या लपणात, म्हणजे शिकाऱ्याने दडून बसण्याच्या आडोशात, बसायचे याच्या चिठ्ठ्या आदल्या रात्री निघत. पहाटेच्या अंधारात नावाडी सपाट बुडाची होडी लांब काठीने रेटत सभासदाला लपणापाशी नेई, लाकडी बदके पाण्यावर मांडी, मग पाळीव मादीच्या पायाला चामडी पट्टा आणि वजन बांधून तिला उघड्या पाण्यात ठेवी आणि नराला लपणामागे. ताटातूट झालेली मादी ओरडत राही आणि तिच्या आवाजाने वरून जाणारा थवा खाली वळे. मेलेले पक्षी थंडगार पाण्यातून गोळा करून आणण्याचे कामही बहुधा नावाड्याकडेच असे. बार तेवढा सभासदाचा, आणि संध्याकाळी वहीत नावही त्याचेच.

नावाडी भेटेल तो रोजंदारीच्या पानावर, स्वयंपाकीण, काडतुसे, बर्फ आणि मक्याची पोती यांच्या शेजारी. त्या मक्याच्या ओळीवर बोट ठेव. बदकांना लपणापुढे ओढण्यासाठी मका पाण्यात टाकत असत. १९३५ मध्ये केंद्र सरकारने हे आमिष आणि जिवंत बदके बांधणे या दोहोंवर बंदी घातली आणि दिवसाची मर्यादा १० वर आणली. त्या वर्षापासून मक्याची खरेदी थांबते, की जनावरांच्या चाऱ्याच्या नावाखाली चालू राहते, ते पाहा. आणि चालू राहत असेल, तर क्लबकडे घोडे किती होते, हे विम्याच्या कागदांत शोध.

तुझा शुभचिंतक