सामायिक सर्व्हरवरील रिमोट सेशनचे रिझोल्यूशन

हिंजवडीच्या ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर नीट दिसणारे सर्व्हरचे रिमोट सेशन (म्हणजे दूरच्या सर्व्हरचा आपल्या पडद्यावर उघडलेला डेस्कटॉप) कोथरूडच्या घरी लॅपटॉपवर उघडल्यावर अक्षरे बारीक दिसतात, म्हणून तुम्ही सर्व्हरच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये शोधाशोध करत आहात; पण विंडोजच्या रिमोट सेशनमध्ये तो पर्याय सहसा बंदच असतो, कारण रिझोल्यूशन (पडद्यावरील आडव्या-उभ्या ठिपक्यांचे माप) ठरते ते जोडणी करणाऱ्या तुमच्या संगणकावरून. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन हा विंडोजमधला जोडणीचा प्रोग्रॅम उघडल्यावर 'कनेक्ट' दाबण्याआधी 'शो ऑप्शन्स'मधून 'डिस्प्ले' टॅबवर जावे आणि तिथली पट्टी सरकवून १६०० बाय ९०० किंवा १३६६ बाय ७६८ असे, आपल्या पडद्याच्या प्रमाणात बसणारे माप निवडावे. मग 'जनरल' टॅबवरील 'सेव्ह अ‍ॅज'ने या सेटिंग्जची फाइल जतन करावी. घर आणि ऑफिस यांसाठी दोन वेगळ्या फाइली ठेवाव्यात, हे मी आग्रहाने सांगेन.

सर्व्हर सामायिक असला तरी प्रत्येकाचे सेशन स्वतंत्र असते, त्यामुळे सहकाऱ्यांच्या पडद्याला धक्का लागत नाही. चालू काम बंद करण्याचीही गरज नाही: लॉग ऑफ न करता फक्त डिस्कनेक्ट करून नव्या मापाने पुन्हा जोडले, की उघडे प्रोग्रॅम सहसा तसेच मिळतात. 'स्मार्ट सायझिंग' मात्र टाळावे. त्यात चित्र नुसते ताणले किंवा आवळले जाते आणि अक्षरे धूसर होतात. नेट संथ असेल, तर रंग ३२ ऐवजी १६ बिटवर आणावेत.