वाचकांचे प्रश्न : कॉलनीतला वेग आणि घरचा गतिरोधक

प्रश्न : आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागात राहतो. कॉलनीतला रस्ता सिमेंटचा झाल्यापासून मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवणारी वाहने तिथून भरधाव जातात. म्हणून आम्ही वर्गणी काढून एक गतिरोधक बांधला. आता स्कूटरवरच्या वयस्कर मंडळींची कंबर दुखते, मोटारी मात्र तशाच पळतात. आमचे काय चुकले?

उत्तर : बहुधा आकार चुकला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘आयआरसी ९९’ या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर दिलेली होती. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला फारसा त्रास होऊ नये आणि त्याहून जोरात जाणाऱ्याला धक्का बसावा, हा त्यामागचा हिशेब. हातभर रुंदीच्या उंचवट्यावर हा हिशेब उलटा होतो, कारण वेगाने आलेल्या मोटारीच्या स्प्रिंगा धक्का पोटात घेतात आणि सावकाश येणारी स्कूटर मात्र चढून आदळते. त्यातच पावसाचे पाणी जावे म्हणून कडेला फट ठेवलेली असते. दुचाकीस्वार नेमका त्या फटीतून, म्हणजे जिथे मुले खेळतात त्या फाटकांना घासून निघतो.

शिवाय एकट्या गतिरोधकाने भागत नाही. वाहनचालक तिथे ब्रेक दाबतो आणि पुढे तूट भरून काढतो. म्हणून लांब रस्त्यावर दर १०० ते १२० मीटरवर एक, त्यावर रंगाचे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक, अशी साखळी लागते.

तरीही, माझ्या मते, आपला खरा प्रश्न कॉलनीचा रस्ता सिग्नल चुकवण्याची आडवाट झाला हा आहे. आपल्याकडे कोपरे इतके ऐसपैस गोलावतात की मुख्य रस्त्यावरची मोटार ब्रेकला पाय न लावता आत वळते. तो कोपरा आवळला, पदपथ तिथे थोडा पुढे आणला, तर तिला वळण्यापूर्वीच सावकाश व्हावे लागते. रस्ता लांब आणि सरळ असेल, तर पार्किंग काही अंतर डावीकडे, पुढे उजवीकडे आखावे, म्हणजे सरळ रेषा मोडते. आरपार वाहतूक थांबवायचीच झाली, तर रस्त्याच्या मध्ये काढता येणारे खांब बसवता येतात. पायी आणि दुचाकीवरून जाणारे निघतात, मोटार परतते, आणि अग्निशमन दलासाठी खांब काढता येतात.

यातले काहीही रहिवाशांनी परस्पर करू नये. आधीचा उंचवटा काढावा, आणि सकाळच्या गर्दीच्या तासात एका टोकाने शिरून थेट दुसऱ्या टोकाने बाहेर पडलेल्या मोटारी मोजून तो आकडा महापालिकेकडे करायच्या अर्जासोबत जोडावा.