टाकी फुल, काटा अर्ध्यावर! (वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं)

प्रश्न: काका, नमस्कार. आमच्याकडे बाबांची १९७२ ची अँबेसेडर मार्क टू आहे. इंदूरला राजेंद्रनगरात घराखालीच उभी असते, रविवारी सकाळी पोहे-जिलबीसाठी बाहेर काढतो तेवढंच. मागच्या वर्षी पेट्रोलचा काटा मेला म्हणून मिस्त्रीकडून दुसरा मीटर बसवून घेतला आणि तेव्हापासून उलटंच होऊन राहिलंय. टाकी फुल केली की काटा अर्ध्यावर, आणि गाडी चालवत गेलं की काटा वर वर चढतो! उज्जैनला जाताना सांवेरच्या अलीकडे पेट्रोल संपलं तेव्हा काटा चक्क फुलवर होता आणि मागच्या सीटवर सासूबाई. मिस्त्री म्हणतो वायरी उलट्या लागल्यात, दोनदा बदलून झाल्या, फरक शून्य. काय करू?

उत्तर: अहो, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. पेट्रोल कमी होताना काटा चढतो म्हणजे मीटर एका जातीचा आणि टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी मीटरला कळवणारा) दुसऱ्या जातीचा, पत्रिका न बघता लग्न लावून दिलंय. वायरी दहादा बदलल्या तरी काही होणार नाही, कारण तुमचा नवा मीटर ज्या जातीचा वाटतोय त्यात दोन टोकं अदलाबदल केली तरी काटा तेच दाखवतो.

अँबेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली. त्या ब्रिटिश गाड्यांत जुना मीटर असायचा तो दोन कॉइलवाला, सरळ १२ व्होल्टवर चालणारा. मग १९६० च्या दशकाच्या मध्याला दुसरी जात आली, त्यात आत तारेची गुंडाळी तापते, दोन धातूंची पट्टी वाकते आणि काटा सरकतो. ह्याला १० व्होल्ट लागतात, ते द्यायला डॅशच्या मागे छोटा डबीसारखा स्टॅबिलायझर. ओळखायचं कसं, तर चावी ऑन करा आणि काट्याकडे बघा. टुणकन उडी मारली तर जुना, आळसावल्यासारखा हळूहळू वर गेला तर नवा.

आता गंमत बघा. जुन्या फ्लोटचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) टाकी रिकामी असताना जवळजवळ शून्य आणि फुल असताना साधारण ७० ते ९० ओहम. नव्याचं बरोबर उलट, रिकामी असताना साधारण २५० आणि फुलला २० च्या आसपास. तुमच्या टाकीत जुना फ्लोट, समोर नवा मीटर. टाकी रिकामी, फ्लोट शून्य ओहम देतो, मीटर म्हणतो वा, फुल! टाकी भरली, ८० ओहम आले, मीटरला वाटतं अर्धी. सांवेरचा हिशोब लागला?

खात्री करायला फ्लोटची वायर काढा, चावी ऑन ठेवा. नवा मीटर असेल तर काटा रिकाम्यावर पडेल आणि वायर बॉडीला टेकवली की फुलकडे जाईल. जुन्याचं उलट. पण टेकवायची ती काटा हलताना दिसेपर्यंतच, धरून बसू नका, नव्या मीटरची गुंडाळी जळते. ठिणगी उडेल म्हणून हे टाकीजवळ नाही, डॅशच्या मागे करा, मीटरच्या फ्लोटवाल्या टोकाला वायरचा तुकडा लावून तो बॉडीला टेकवा. आणि फ्लोटला थेट १२ व्होल्टचा बल्ब लावून चेक करणारे मिस्त्री मी पाहिलेत, त्यांना हात जोडून थांबवा, आतली बारीक तार गेली की फ्लोटही नवा घ्यावा लागतो.

इलाज दोन. माझं मत, कबाड्यांकडे फिरून जुन्या जातीचाच मीटर शोधा, टाकी उघडायची गरज नाही. त्याच्या बी टोकाला फ्यूजमधून येणारी, चावीवरची वायर, टी टोकाला फ्लोटची वायर, आणि मीटरच्या बॉडीला अर्थ (गाडीच्या बॉडीशी जोडणारी अर्थिंगची वायर), हे शेवटचं विसरतात सगळे. मूळ वायरिंग शिल्लक असेल तर हिरवी म्हणजे सप्लाय, हिरवी-काळी म्हणजे फ्लोटकडे जाणारी. पन्नास वर्षांत किती हात लागलेत कोण जाणे, तेव्हा रंगावर विश्वास टाकण्याआधी मल्टीमीटर लावा. नाहीतर नव्या मीटरला साजेसा फ्लोट आणि स्टॅबिलायझर घ्या. स्टॅबिलायझरची डबी बॉडीला नीट अर्थ हवी, बॉडीच्या रंगावर स्क्रू मारला तर तो १० ऐवजी पूर्ण १२ सोडतो आणि पेट्रोलच काय, त्याच्यावर चालणारा पाण्याच्या तापमानाचा काटाही जास्त दाखवायला लागतो.

झालं की पाच-पाच लिटरच्या कॅनने टाकी भरत काटा कुठे येतो ते कागदावर लिहून डॅशच्या खणात ठेवा. सासूबाईंना दाखवायला बरं.

प्रश्न: छावणी भागातून लिहितोय. माझ्या जुन्या गाडीत टाकी भरूनही काटा रिकाम्यावरच. वायर बॉडीला टेकवली की फुल दाखवतो, म्हणजे मीटर चांगला ना?

उत्तर: चांगला, आणि वर सांगितलेल्या नव्या जातीचा. आधी टाकीची अर्थ बघा, गंजलेल्या बोल्टवर अवलंबून न राहता वेगळी काळी वायर टाकून पाहा. त्याने नाही झालं तर फ्लोट बाहेर काढा. बॅटरीचं टोक काढून, उघड्यावर, शेजारी बिडीवाला नको. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ झाली तर पेट्रोल शिरलंय, तो बुडून बसलाय. डाग देऊन घेतो म्हणाल तर आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढून, चांगले काही दिवस वाळू द्या, वास असेतोवर त्याच्याजवळ सोल्डरिंग आयर्न नेऊ नका. मी तर सरळ नवा फ्लोट घेईन.